पाहुण्यासाठी पेटवलेली भट्टी

सत्तरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या केशवराव टाकळीकरांच्या मनात एकच वासना शिल्लक उरली होती, आणि ती अशी की चारचौघांत तिचा उच्चार करावा तर ऐकणाऱ्याने आधी प्रकृतीची चौकशी करावी. त्यांना एक तळटीप हवी होती. मोक्ष मागण्याइतकी आपली योग्यता नाही आणि धन मागण्याइतके आपले वय नाही, असे ते स्वतःच म्हणत. परंतु एखाद्या प्रतिष्ठित ग्रंथाच्या पानाच्या तळाशी, भिंगाशिवाय दिसू नये अशा बारीक टंकात, ‘के. दि. टाकळीकर यांच्या निरीक्षणांवर आधारित’ एवढे शब्द छापले गेले असते, तर हा देह ठेवायला त्यांची फारशी हरकत नव्हती.

त्यांचे वडील सकाळी दोन घरची पूजा करीत, दिवसभर लासूर स्टेशनच्या अडत बाजारात हिशेबाच्या वह्या लिहीत आणि दिवेलागणीला आपल्या एकुलत्या एका शिष्याला, म्हणजे केशवला, न्यायशास्त्र ही प्राचीन तर्कविद्या शिकवीत. शिष्याने न्यायशास्त्र पाठ केले आणि पदवी रसायनशास्त्राची घेतली. त्यामुळे दोन्ही शास्त्रे त्याला सारखीच परकी राहिली, असे त्याच्या पत्नीचे, यमुनाबाईंचे, मत होते. पुढे केशवरावांची हयात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. जिल्ह्यातील असंख्य शेतांची माती त्यांच्या परीक्षानळीतून गाळली गेली. प्रत्येक अहवालाखाली त्यांनी लफ्फेदार सही केली, आणि ती सही आजवर कोणा शेतकऱ्याने वाचल्याचे ऐकिवात नाही.

अशा या निवृत्त पुरुषाला एके दिवशी हिमानीचा फोन आला. हिमानी ही त्यांच्या एका दिवंगत सहकाऱ्याची कन्या. ती बंगळुरूला राहून एका परदेशी संस्थेच्या तांत्रिक कक्षात काम करीत असे. हवेतील कार्बन काढून घेऊन तो पुन्हा हवेत जाणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्याचे उद्योग आता जगभर चालले आहेत. त्यांतला कोणता खरा आणि कोणता नुसता बोलाचा, हे पारखण्याचे मानक ही संस्था प्रसिद्ध करीत असे. धर्मशास्त्रातल्या स्मृतींवर टीका लिहिल्या जातात आणि टीकांवर उपटीका, तशी त्या मानकाचीही नवी आवृत्ती घडत होती.

“सर, कोळसा करून मातीत पुरायचे जे प्रकल्प आहेत ना, त्यांचं प्रकरण माझ्याकडे आहे,” हिमानी म्हणाली. “जुन्या मानकात सगळ्या पिकांच्या अवशेषांना टिकाऊपणाचा एकच ठोक आकडा दिलाय. भाताचा पेंढा असो की तुमच्याकडची पऱ्हाटी. नव्या आवृत्तीसाठी आम्ही प्रदेशवार पुरावा मागवतोय. तुम्ही पऱ्हाटीचं काम कराल?”

“आणि पुरावा पटला तर?” केशवरावांनी शक्य तितक्या विरक्त स्वरात विचारले.

“ठोक आकड्यापेक्षा पऱ्हाटीचा कोळसा स्पष्टपणे सरस ठरला, तर परिशिष्टात तिची स्वतंत्र ओळ. आणि खाली तुमच्या नावाची तळटीप.”

केशवराव त्या दिवशी जेवताना तीनदा हसले. यमुनाबाईंनी त्यांच्या पानात मीठ वाढले तेव्हाही हसले.

सिल्लोडच्या अलीकडे, जळगाव रस्ता सोडून आत वळले की बोरवाडी लागते. तिथल्या काही बायकांनी मिळून हा उद्योग मांडला होता. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहतात ती पऱ्हाटीची वाळकी झुडपे. ती एरवी बांधावर जाळून टाकतात. या बायका ती नरसाळ्याच्या आकाराच्या खड्ड्यात वरून पेटवीत, राख होण्याआधी पाण्याने विझवीत आणि उरलेला कोळसा शेणात कालवून रानात घालीत. नीट भाजलेला कोळसा मातीत पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कच्चा राहिलेला लवकर कुजतो. त्याची परीक्षा अशी की कोळशात कार्बनच्या मानाने हायड्रोजन जितका कमी उरेल तितका तो पक्का. ही परीक्षा वरवर रूक्ष दिसली तरी तिच्यात धर्माचा अंश होता, असे केशवराव मानीत. कारण दूरदेशीचा कोणी कारखानदार आपल्या धुराचे प्रायश्चित्त म्हणून या कोळशाचा हवाला देणार. कोळसा कच्चा निघाला तर प्रायश्चित्त खोटे आणि पाप मात्र खरे.

बोरवाडीच्या बायकांची म्होरकी नजमा. तिचा नवरा टेम्पो चालवी आणि ती उरलेले सर्व चालवी. पहिल्या भेटीच्या दिवशी तिने केशवरावांना शेवग्याच्या सावलीत खुर्ची मांडून दिली, खुर्चीवर उशी ठेवली, वेलची घातलेला चहा दिला. ज्यांच्या शेताच्या कडेला खड्डा होता ते कारभारी नावाचे वयोवृद्ध गृहस्थ हात बांधून शेजारी उभे राहिले. मग पऱ्हाट्या आल्या: सरळ, स्वच्छ, सारख्या जाडीच्या, कडकडीत वाळलेल्या. आग लागली ती अशी की धुराचा लवलेश नाही. निर्धूम पावकाचे ते दर्शन पाहून केशवरावांना यज्ञकुंडाची आठवण झाली आणि त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. त्यांनी नमुने घेतले. असे आणखी काही वेळा, दिवस ठरवून, निरोप धाडून ते गेले. दरवेळी उशी, वेलची आणि निर्धूम पावक यांचा लाभ झाला.

प्रयोगशाळेतून आलेले आकडे इतके सुंदर होते की केशवरावांनी ते मोबाइलवर मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. नातवंडांचे फोटो लोक असेच पाहतात. सिद्धार्थ उद्यानातील सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत ही वार्ता पसरली, म्हणजे केशवरावांनीच ती पसरवली. निवृत्त तहसीलदार आप्पासाहेब त्यांना ‘शास्त्रज्ञ’ म्हणू लागले. “छे छे, कसले शास्त्रज्ञ!” असे केशवराव अशा आवाजात म्हणत की पुढच्या बाकावरच्यांनीही वळून पाहावे. घरी कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी ती तळटीप चार प्रकारे लिहून पाहिली. नावाआधी ‘श्री.’ असावे की नसावे या प्रश्नाने त्यांची एक दुपार खाल्ली. अखेर नम्रतेसाठी त्यांनी ‘श्री.’ गाळले आणि त्या नम्रतेचा त्यांना फार अभिमान वाटला.

या वैभवाच्या शिखरावर असताना यमुनाबाईंचा डबा हरवला.

“अहो, चार पुडांचा पितळी डबा. माझ्या आईचा. बोरवाडीत विसरून आलात तुम्ही.”

“पुढच्या खेपेला आणतो. सध्या मी अहवालाच्या...”

“तळटीप येईल तेव्हा येईल. डबा आज येऊ द्या.”

केशवराव मुकाट्याने सिल्लोडच्या बसमध्ये बसले. फाट्यावर उतरून चालू लागले तोच बोरवाडीच्या दिशेने काळाभोर धूर वर चढताना दिसला. कोणी अडाणी माणूस बांधावर पऱ्हाटी जाळतो आहे, या विचाराने त्यांचा संताप झाला. त्या अडाण्याला कोणत्या शब्दांत समजवावे याची जुळवाजुळव करीत ते चालत राहिले. दोन वाक्ये तर फारच चांगली जमली होती. जवळ पोचल्यावर कळले की धूर नजमाच्या खड्ड्यातून येत होता.

“या अल्ला! साहेब!” नजमा दचकली. झाडलोट झाली नसताना दारात व्याही उभे राहावेत तशी तिची मुद्रा झाली. “निरोप नाय, काय नाय. आज कसं काय आलात?”

“डबा राहिला होता. पण हे काय? हा धूर कसला?”

“भट्टीचा.”

“परवा तर अजिबात धूर नव्हता!”

“परवाची तुमची भट्टी होती, साहेब,” नजमा समजावणीच्या सुरात म्हणाली. “ही आमची हाय.”

केशवरावांनी खड्ड्याकडे पाहिले. मुळांना मातीची ढेकळे, फांद्यांना न फुटलेली बोंडे, दवाने भिजलेल्या मोळ्या जशाच्या तशा आत कोंबलेल्या.

“म्हणजे माझ्यासाठी...”

“तुमच्यासाठी आम्ही एकेक काडी निवडली. माती झटकली, बोंडं तोडली, पत्र्याखाली वाळवली. लेकीच्या लग्नाचे तांदूळ निवडावे तशी. आमच्यातल्या सलमाआपाचे तर हात सोलून निघाले.”

“पाव्हण्याच्या डोळ्यात धूर घालायचा व्हय, साहेब?” कारभारी मागून म्हणाले. “गावाला काय अब्रू हाय का नाय?”

“अहो, पण मग रोजच तशी पेटवत जा की!”

“तुमच्या घरी रोज पुरणपोळी असती का?” नजमाने विचारले, आणि डबा घासून आणायला ती निघून गेली.

धुराने डोळे चुरचुरत असताना केशवरावांना वडिलांचा स्वर ऐकू आला. जेथे धूम तेथे अग्नी, हे अनुमान निर्दोष. परंतु जेथे अग्नी तेथे धूम, हे सदोष. कारण धूर नुसत्या अग्नीने होत नाही, अग्नीचा ओल्या इंधनाशी संयोग झाल्याने होतो. ते ओले इंधन म्हणजे उपाधी, मधली लपलेली अट. तिच्याकडे दुर्लक्ष करणारा तार्किक वादात हरतो. हा पाठ केशवने हजारदा घोकला होता. झोपेतून उठवले तरी त्याने तो अस्खलित म्हटला असता. आणि अग्नी समोर, इंधन समोर, स्वतः खुर्चीवर उशी घेऊन बसलेला असा हा तार्किक, इंधन ओले आहे की वाळलेले आणि का वाळलेले, हे विचारायचेच विसरला होता. त्याने पऱ्हाटीचा कोळसा मोजलाच नव्हता. त्याने आपले आदरातिथ्य मोजले होते, तेही दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत.

आता खरा नमुना घेणे आले. त्यात अडचण इतकीच की केशवराव आले की खरी भट्टी नाहीशी होई.

त्यांनी न सांगता जाऊन पाहिले. फाट्यावरच्या रिक्षावाल्याने गावात फोन केला. ते पोचले तेव्हा ओल्या मोळ्यांवर ताडपत्री पडली होती आणि निवडलेल्या काड्या पुढे आल्या होत्या. मग ‘येत नाही’ असा निरोप धाडून ते गेले. त्याने गाव दुखावले आणि दुखावल्यामुळे दुप्पट आदर करू लागले. त्या दिवशी चहासोबत शिरा होता. “मला पाहुणा समजू नका,” अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. “असं कसं, साहेब,” कारभारी म्हणाले, “एवढं नम्र पाव्हणं आम्ही बघितलं नाय,” आणि त्यांनी शाल आणवली.

शाल पांघरून परतताना बसमध्ये केशवरावांना युक्ती सुचली. अतिथी तो, ज्याच्या येण्याला तिथी नाही. जो रोज येतो तो अतिथी राहील कसा? तर रोज यायचे. पाहुणेपण झिजून जाईपर्यंत यायचे.

ती झीज त्यांनी धीराने सोसली. पहिल्या आठवड्यात उशी गेली. मग खुर्ची गेली आणि बाज आली. बाजेवर मिरच्या वाळत घातल्यावर उलटी बादली आली. चहातली वेलची गेली, पुढे दूध पातळ झाले, आणि एके दिवशी “चहा झाला आमचा, सकाळीच यायचं ना,” असे उत्तर मिळाले. ‘साहेब’चे ‘सर’ झाले, ‘सर’चे ‘काका’. कारभारींनी हात बांधणे सोडले. ते आता केशवरावांसमोर खुशाल आडवे होत आणि मुलांच्या तक्रारी सांगत. मानाचा ऱ्हास आणि सत्याचा उदय यांचे प्रमाण इतके व्यस्त असावे, याचे केशवरावांना रासायनिक नवल वाटे. बादलीच्या कडेने मांडी दुखू लागली की ते मनाशी म्हणत, अजून थोडे. अजून तुझ्यात साहेब शिल्लक आहे.

आणि एका सकाळी नजमा खड्ड्यापलीकडून ओरडली, “ओ काका! नुसतं बघत काय बसलाय? तो भारा ओढा की इकडं!”

केशवराव धावले. भारा ओला होता, जड होता, त्यातून एक विंचू निघाला आणि केशवरावांनी मारलेली उडी पाहून सलमाआपा पदर तोंडात धरून खाली बसल्या. भारा खड्ड्यात गेला. धूर उसळला, थेट त्यांच्या तोंडावर आला, आणि त्याबद्दल कोणीही क्षमा मागितली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांना परमानंद झाला. त्या दिवशी आणि नंतरच्या दिवसांत त्यांनी नमुने घेतले.

“तळटीप आणायला जाता,” यमुनाबाई काजळलेल्या नवऱ्याला दारातच थोपवून म्हणाल्या, “की कोळशाच्या वखारीत नोकरी धरलीत?”

नव्या नमुन्यांचे आकडे आले. कोळसा वाईट नव्हता, सामान्य होता. जुना ठोक आकडा त्याला अगदी बरोबर बसत होता. बोरवाडीचे त्यात काही बिघडत नव्हते, त्यांचा प्रकल्प आजवर त्याच आकड्यावर चालत आला होता. बिघडत होते ते एकट्या केशवरावांचे. पऱ्हाटीला स्वतंत्र ओळ मिळणार नव्हती, आणि ओळ नाही तर टीप कशाखाली येणार?

आकड्यांचे दोन्ही संच मेजावर ठेवून ते बसले. मनात बसलेला वकील लगेच उभा राहिला. पहिला संच खोटा कसा? पऱ्हाटी खरी, आग खरी, कोळसा खरा. तशी भट्टी पेटते याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे; आणि प्रत्यक्षाहून थोर प्रमाण कोणते? दुसरा संच पाहिलाच कोणी? केशवरावांनी आजवर अनेकांशी वाद केले होते, पण इतका आपल्या मताचा प्रतिपक्षी त्यांना कधी भेटला नव्हता.

आपल्याला कोणीतरी अडवावे म्हणून त्यांनी यमुनाबाईंना सारे सांगितले.

“पहिलाच पाठवा,” यमुनाबाई म्हणाल्या. “नाव येईल, आप्पासाहेबांचं तोंड बंद होईल आणि मला पेढे वाटता येतील.”

“अगं, पण ते बरोबर नाही!”

“मग मला कशाला विचारता?”

आधार असा दोन्हीकडून सुटल्यावर केशवरावांनी पहिल्या संचाखाली ते चिरपरिचित वाक्य लिहून पाहिले: टाकळीकर यांच्या निरीक्षणांवर आधारित. निरीक्षण कशाचे? सलमाआपांनी हात सोलून काड्या निवडल्या, हे तर त्यांनी पाहिलेच नव्हते. भट्टी पेटली होती ती मोजणारा येणार होता म्हणून. तो नसता तर मोजण्याजोगे ते काही घडलेच नसते. त्या वाक्यातला ‘टाकळीकर’ हा शब्द तेवढा खरा होता. त्यांनी ते खोडले. मग दोन्ही संच पाठवले. पहिल्यावर लिहिले, ‘पाहुण्यासाठी पेटवलेली भट्टी’, दुसऱ्यावर लिहिले, ‘रोजची’, आणि उशीपासून उलट्या बादलीपर्यंतचा सारा वृत्तान्त सोबत जोडला. त्यात विंचू पाहून मारलेली उडी मात्र गाळली. सत्यालाही मर्यादा असते.

हिमानीचा फोन आला. सारा वृत्तान्त तिने वाचला होता.

“सर, मग स्वतंत्र ओळ नाही देता येणार.”

“ठाऊक आहे.”

“आणि तळटीप...”

“तेही ठाऊक आहे, बाळ. आता फोन ठेव, नाहीतर मी विचार बदलीन.”

नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. परिशिष्टात पऱ्हाटी नव्हती. केशवरावांनी आभारांची यादीही वाचली, दोनदा, दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने. त्यांचे नाव नव्हते. पण नमुने घेण्याच्या प्रकरणात एक नवे कलम होते: नमुना हा नित्याच्या भट्टीतूनच घ्यावा, पडताळणी करणाऱ्याने आगाऊ सूचना न देता जावे, आणि जिथे त्याच्या येण्याने कामाची रीत बदलते, तिथे त्याचे येणे अंगवळणी पडेपर्यंत नमुना ग्राह्य धरू नये. मसुद्यावर मते मागवली तेव्हा दूरदूरच्या देशांतून कळवले गेले होते, आमच्याकडेही असेच होते. कलमाखाली कोणाचे नाव नव्हते.

“जे सर्वांत प्रमाण, त्याला कर्ता नसतो,” केशवराव यमुनाबाईंना म्हणाले. “वेदांना अपौरुषेय म्हणतात ते काय उगीच?”

“वेदांच्या पंगतीला बसायच्या आधी हात धुऊन या,” यमुनाबाई म्हणाल्या. “नखांत काळं आहे.”

उद्यानात आप्पासाहेबांनी विचारलेच, “काय शास्त्रज्ञ, कितव्या पानावर?” केशवरावांनी सांगितले की नाव आले नाही, आणि का आले नाही तेही सांगितले. आप्पासाहेब विंचवाच्या उडीला सर्वांत जास्त हसले. ती गोष्ट केशवरावांनी इथे मात्र गाळली नव्हती. त्या दिवसापासून त्यांचे ‘शास्त्रज्ञ’ हे बिरुद गेले.

पुढे ते बोरवाडीला गेले तेव्हा भट्टी धुमसत होती. नवे कलम त्यांनी नजमाला सोप्या मराठीत समजावून सांगितले. तिने ते कंबरेवर हात ठेवून, अगदी लक्ष देऊन ऐकले.

“म्हणजे आता जो नवीन साहेब येणार, तो न सांगता येणार?”

“हो.”

“आन्‌ हे तुम्ही लिहिलेलं?”

“मी सुचवलं. नाव नाही त्यात माझं.”

“नाव नाय ते बरंच हाय,” नजमा म्हणाली, आणि आवाज खाली आणून जवळ सरकली. “काका, तुम्ही तर आता घरचे. तो कधी येणार ते तुम्हाला आतून कळंल ना? एवढं फोन करून सांगा. चार दिवस आधी कळलं तरी पुरं. पऱ्हाट्या निवडून, वाळवून ठेवते. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला असला धूर दाखवायचा का?”

केशवराव म्हणाले की त्यांना खरोखरच काही कळणार नाही. नजमाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी लग्नाची बातमी लपवणाऱ्या भावाकडे बहीण पाहते, आणि ती भट्टीकडे वळली. तारीख त्यांना ठाऊक नव्हती, हे सत्य होते. ठाऊक असती तर आपण सांगितली नसती, असे ते परतीच्या बसमध्ये स्वतःला चौक्याचा घाट उतरेपर्यंत बजावत राहिले, आणि शहराच्या वेशीवरचे हर्सूल आले तरी त्यांची पुरती खात्री पटलेली नव्हती.